सूचना: संशोधन साहित्याच्या खरेदीचे शिथिल झालेले नियम

सर्व सदस्य संशोधकांना कळविण्यात येते की, केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने जून २०२५ मध्ये वैज्ञानिक उपकरणे व उपभोग्य साहित्य यांच्या खरेदीपुरते सामान्य वित्तीय नियम शिथिल केले असूनही काही प्रस्ताव अद्याप जुन्याच मर्यादांनुसार तयार होत आहेत. दरपत्रकाविना थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपये, खरेदी समितीमार्फत खरेदीची १० लाखांवरून २५ लाख, तर मर्यादित निविदेची (निवडक पुरवठादारांकडूनच मागवलेल्या निविदेची) ५० लाखांवरून १ कोटी रुपये झाली आहे.

याहून मोठा दिलासा असा की, जेम (सरकारी खरेदीसाठीची ऑनलाइन बाजारपेठ) पोर्टलबाहेरील खरेदीस परवानगी देण्याचा अधिकार आता संचालक अथवा कुलगुरूंकडे आहे. विशिष्ट शुद्धतेचे रसायन हवे असताना केवळ पोर्टलवर सर्वांत स्वस्त आहे म्हणून दुसरेच स्वीकारण्याची वेळ येणे, हे प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही पटण्यासारखे नव्हते.

मात्र ही सवलत पदव्युत्तर व त्यापुढील संशोधनासाठीच आहे. कार्यालयीन फर्निचर तीत बसत नाही. लेखापरीक्षण पूर्वीप्रमाणेच होणार असल्याने, पोर्टलबाहेरील खरेदीचे तांत्रिक कारण आणि सक्षम अधिकाऱ्यांची लेखी मंजुरी मागणीपत्रासोबतच जोडावी. प्रलंबित प्रस्ताव सदस्यांनी नव्या मर्यादांनुसार तपासून घ्यावेत.