सुन्या, त्या अर्जावर सही करू नकोस

प्रिय सुन्या,

बरेच दिवस लिहिलं नाही, शिव्या घाल. गुडघा बरा आहे.

आपल्या मध्यानं तुझ्या शेडचं वीजबिल पाठवलं आणि तू कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे वीज कंपनीशी ठरवलेली भाराची मर्यादा, 35 वरून 60 केव्हीए करण्याचा अर्ज देतोयस म्हणाला. थांब! तो अर्ज करून देणाऱ्या एजंटनं मोटरींच्या पाट्यांवरचे एचपी बेरजेला धरले, 62 आले, 746 वॉटनं गुणून 46 किलोवॉट काढले. हा झाला जोडभार, म्हणजे सगळ्या मोटरी एकाच वेळी पूर्ण भारावर चालल्या तर. तुझ्या शेडमध्ये तसं कधी झालंय?

बिलावरची मॅक्सिमम डिमांड, म्हणजे महिन्यात मीटरवर चढलेला सर्वांत जास्त भार, बघ, 40 केव्हीए. केव्हीए म्हणजे तारांतून ओढलेला एकूण भार, किलोवॉट म्हणजे त्यातला खरं काम करणारा. या दोघांचं गुणोत्तर म्हणजे पॉवर फॅक्टर, पीएफ; तुझा 0.75. म्हणजे खरं काम 30 किलोवॉटचंच. बाकीचा करंट मोटरींना चुंबकत्वासाठी लागतो आणि तारांतून नुसता येजा करतो. युनिट आणखी वेगळं: 30 किलोवॉट तासभर चालले की 30 युनिट. मेसच्या हिशेबातही तू ताटं आणि पोळ्या एकाच रकान्यात लिहायचास, त्यावरूनच आपलं वाजलं होतं.

पीएफ 0.95 वर आणलास तर 30 भागिले 0.95, म्हणजे 31.6 केव्हीए. 35 च्या आत! त्यासाठी तो चुंबकत्वाचा करंट शेडमध्येच पुरवणारा कपॅसिटर लागतो, साधारण 16.6 केव्हीएआरचा (केव्हीएआर हे त्या बिनकामाच्या भाराचं माप). पाटीवर 440 व्होल्टला 20 लिहिलेला घे, कारण तुझ्या लाइनच्या 415 व्होल्टवर तो 17.8 च देतो. मात्र बिलातला पीएफ महिन्याची सरासरी असतो. ऐन कामाच्या वेळी मीटरचं बटण दाबून तेव्हाचा पीएफ बघ, मगच खरेदी.

सगळा कपॅसिटर कायमचा जोडून ठेवू नकोस. रात्री मोटरी बंद आणि तो चालू, तर पीएफ उलट्या बाजूला जातो. टप्प्याटप्प्यानं जोडणारं एपीएफसी पॅनल बरं. फ्यूज उडाला तरी पॅनलचा दिवा लागलेलाच दिसू शकतो, तेव्हा महिन्यातून एकदा क्लॅम्प मीटरनं तिन्ही फेजचा करंट मोज. व्हीएफडी, म्हणजे मोटरीचा वेग कमीजास्त करणारं यंत्र, बसवला असशील तर त्याच्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे करंटच्या बिघडलेल्या लहरींमुळे, साधा कपॅसिटर तापून फुगतो. मग तो रिअॅक्टरसकट, म्हणजे त्या लहरी अडवणाऱ्या कॉइलसकट, घ्यावा लागेल.

मोटर सुरू होतानाच्या झटक्यानं डिमांड चढते हे एजंटचं दुसरं पुराण. मीटर 15 किंवा 30 मिनिटांची सरासरी धरतो. सहापट करंट आठ सेकंद आला, तरी 15 मिनिटांत त्या मोटरीच्या वाट्याला चार-पाच टक्केच वाढ. डिमांड चढते ती सकाळी सगळे एकदम कामाला लागतात तेव्हा. कॉम्प्रेसर अर्धा तास उशिरा लाव, फुकटात फरक पडेल.

60 केव्हीए घेतलेस तर वापर नसतानाही त्याच्या ठरलेल्या टक्क्यावर डिमांड आकार भरावा लागेल. टक्का किती ते वीज नियामक आयोगाच्या चालू दर आदेशात बघ, एजंटच्या वहीत नको.

वहिनींची बदली झाली का? पिंटूला दहावीबद्दल शाबासकी सांग. मीटरवरचे आकडे मध्याकडून नको, तूच पाठव. तो केव्हीए आणि किलोवॉट एकच समजतो.

तुझा,
बाळ्या