फिरत्या कलावंतांच्या गाड्यांना थांबा हवा

मा. संपादक, स. न.

पत्नी आणि मी गेली सहा वर्षे बाहुल्यांचे खेळ करून पोट भरतो आणि आमचे घर व रंगमंच दोन्ही एकाच जुन्या टेम्पोत आहेत. बाकाखाली शेगडी व भांडी, छताला पिशव्यांत टांगलेल्या बाहुल्या, आणि मागचा फाळका पाडला की तोच मंच. पौष पौर्णिमेला चंदनपुरीचा खंडोबा, मग त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा, चैत्रात सप्तशृंगगड, असा आमचा हंगाम असतो. पावसाळ्यात मात्र शाळांनी बोलावले तरच चूल पेटते.

खेळ जमवणे सोपे, मुक्काम अवघड. गेल्या महिन्यात नाशिकमध्ये एका मैदानाकडेला गाडी लावली असता रात्री दोन वाजता काचेवर काठी वाजली आणि पावती न देता पैसे घेऊन आम्हाला हुसकावण्यात आले. (बाहुल्या पाहून हसू मात्र हुसकावणाऱ्यांनाही आवरले नाही.) राज्याचे कॅराव्हॅन (राहण्याची सोय असलेली गाडी) पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले, परंतु त्यात डोळ्यांपुढे आहे तो हौसेने फिरणारा पर्यटक, गाडीतच राहून कमावणारा कलावंत नव्हे. तमाशाचे फड तर पिढ्यान्‌पिढ्या ट्रकमधूनच गावोगाव जात आले आहेत.

सिंहस्थासाठी वाहनतळ आखताना त्यातील दहा-पंधरा जागा पाण्याचा नळ, शौचालय आणि रीतसर पावतीसह अशा गाड्यांसाठी कायम राखून ठेवाव्यात, ही महापालिकेला विनंती. भाडे द्यायला आमची तयारी आहे.

– एक बाहुलीकार, पंचवटी, नाशिक