आधी तपासणाऱ्या ताईंचे आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलो तर तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषयच मिटवलात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. नवी पेठ, सदाशिव पेठेत आमच्यासारख्या कितीतरी अभ्यासिका आहेत, छोटी वाचनालयं आहेत. त्यांच्याकडे जुने संगणक आहेत आणि त्यांना सध्या एकच सल्ला मिळतो आहे, भंगारात द्या. तुम्ही आमच्याकडे काय केलंत ते त्यांनाही कळायला हवं.

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. आमची जवळपास सगळी मशीन कुठल्या ना कुठल्या ऑफिसने वापरून झाल्यावर देणगी दिलेली, त्यामुळे त्या अटींत बसणारं त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. नवे संगणक घ्यायचे तर फी वाढवावी लागली असती. गावाकडून येऊन, कॉट बेसिसवर राहून, मेसचा डबा दोन वेळा पुरवून स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांकडून आणखी पैसे मागायचे, हे आमच्याने झालं नसतं. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची हे तेव्हाच ठरलं होतं. "आणून द्या, तासाभरात टाकून देतो" म्हणणारेही भेटले. तुम्ही मात्र म्हणालात, "आधी बघू, मग ठरवू. प्रत्येक मशीन वेगळं आहे ना?"

खरंच प्रत्येक वेगळं होतं. देणगीतल्या मशीनचं हेच असतं.

तुम्ही पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार आणला होतात. त्यावरून मशीन सुरू केलं, आतल्या डिस्कला हात लावला नाही आणि एकेक गोष्ट चालवून पाहिली. भाड्याचं घर बघायला गेल्यावर माणूस नळ सोडून बघतो, खिडकीची कडी लावून बघतो, तसं. वायफाय लागतं का, हेडफोन खोचल्यावर आवाज स्पीकरमधून यायचा थांबतो का, कॅमेरा, स्क्रीनचा उजेड कमीजास्त करायची बटणं, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं. लॅपटॉपचं झाकण लावून थोडा वेळ थांबायचं, मग उघडायचं आणि जागा झाल्यावर वायफाय परत येतं का ते पाहायचं. झाकणाची ही परीक्षा बहुतेक लोक घेतच नाहीत, असं तुम्ही म्हणालात. आमच्या मुलांना तर तीच लागते. चहाला उठताना ती झाकण लावूनच उठतात.

सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी. तुम्ही मशीनमधल्या चिपची यादी दाखवणारी एलएसपीसीआय ही आज्ञा दिलीत, पुढे डॅश एनएनके जोडलंत, आणि स्क्रीनभर ओळी आल्या. मुलं मागे गोळा झाली होती. त्यांच्यासाठी तुम्ही थांबलात आणि एका ओळीवर बोट ठेवलंत. चौकोनी कंसात चार-चार अक्षरांचे दोन आकडे, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं. पहिला आकडा चिप बनवणाऱ्याचा, दुसरा त्या चिपचा. त्या ओळीतला पहिला आकडा होता ८०८६, म्हणजे इंटेल. कंपनीने १९७८ साली काढलेल्या प्रोसेसरचा क्रमांकच तिची ओळख म्हणून वापरात आहे, हे ऐकून आमचा एक पोरगा एवढा खूश झाला की त्याने तो वहीत उतरवून घेतला. त्याच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' आणि पुढे ड्रायव्हरचं नाव. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर म्हणजे चिप चालवणारा छोटा प्रोग्राम. "ही ओळ असेल तर कर्नलने चिपला ओळखलं. नसेल तर तो आकडा लिहून घ्या आणि त्यावरून शोधा. लॅपटॉपच्या नावावरून शोधू नका, एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या चिप असू शकतात." यूएसबीला जोडलेल्या वस्तूंसाठी हेच काम एलएसयूएसबी करते, हेही तेव्हाच कळलं.

एका लॅपटॉपमध्ये ती ओळ आलीच नाही. वायफायची चिप अशी होती की तिचा चालणारा ड्रायव्हर कर्नलबरोबर येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. आता तो उतरवायला नेट हवं आणि नेट तर वायफायवरच. तुम्ही शांतपणे मोबाइल केबलने जोडलात, त्याचं नेट संगणकाला देणारं यूएसबी टेदरिंग चालू केलंत आणि काम पुढे नेलंत. सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीचं सॉफ्टवेअरच चालू देणारी सोय, चालू असेल तर बाहेरून टाकलेला ड्रायव्हर अडू शकतो, म्हणून इन्स्टॉल करताना पासवर्ड ठरवायचा आणि पुढच्या वेळी निळी स्क्रीन आली की तो देऊन त्या ड्रायव्हरची ओळख पटवणारी किल्ली नोंदवायची, हेही करून दाखवलंत. ती निळी स्क्रीन पाहून लोक घाबरतात आणि मशीन बिघडलं म्हणून दुकानात नेतात. सोपं उत्तर म्हणून यूएसबी वायफाय अडॅप्टर घ्यायचं आम्ही म्हणालो, तेव्हा तुमचं उत्तर होतं, "तपकीर गल्लीत मिळेल, पण खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. तेच मॉडेल, आवृत्ती बदलली की आतली चिप बदलते. आवृत्ती कुठली ते विचारून घ्या." इतका नेमका सल्ला आम्हाला कुठल्याच काउंटरवर मिळाला नव्हता.

कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपबद्दल तर तुमचे विशेष आभार. त्यावर ३२ बिटचं, म्हणजे जुन्या पद्धतीचं, विंडोज होतं, म्हणून सगळ्यांनी त्याला मोडीत काढलं होतं. तुम्ही प्रोसेसरची माहिती देणारी एलएससीपीयू ही आज्ञा चालवलीत आणि दाखवलंत की प्रोसेसर ६४ बिटचा आहे, फक्त त्यावर टाकलेली सिस्टिम ३२ बिटची होती. हा फरक आज फार महत्त्वाचा आहे. डेबियन आणि उबुंटू हे मिंटसारखेच लिनक्सचे प्रकार. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने निव्वळ ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं, उबुंटू आणि मिंटच्या मुख्य आवृत्त्यांनी ते त्याआधीच केलं होतं. रॅम वाढवली आणि ते मशीन आज खिडकीजवळ चालू आहे. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ वाचायला ते उत्तम आहे.

एका लॅपटॉपची डिस्क इन्स्टॉलरला दिसेना, तेव्हा ती खराब आहे असंच कुणीही म्हटलं असतं. तुम्ही बायोस, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग, उघडून स्टोरेजचा मोड, म्हणजे डिस्क जोडण्याची पद्धत, पाहिलात. तो रेड (RAID) वर होता, तो एएचसीआय (AHCI) करायला हवा होता. पण बदलण्याआधी थांबलात आणि विचारलंत, "यावर कुणाचं काही आहे का?" मोड असाच बदलला तर आधीचं विंडोज सुरू होणार नाही, आणि डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी हवी. एका मुलीच्या दोन वर्षांच्या नोट्स त्यात होत्या. त्या आधी काढून घेतल्या. ती मुलगी तुम्हाला कधी भेटली नाही, पण तिचा नमस्कार या पत्रात आहे.

प्रिंटरपाशी तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात. आमचा जुना लेझर प्रिंटर स्वतः फार काही समजत नाही, पान तयार करण्याचं सगळं काम संगणकावरचा ड्रायव्हर करतो आणि तो ड्रायव्हर लिनक्सवर धड चालेना. ओढूनताणून चालवून देता आलं असतं, पण हॉल तिकिटं छापायच्या दिवशी तो अडला तर मुलांचं नुकसान, म्हणून तुम्ही ते केलं नाहीत. पुढचा प्रिंटर घेताना तो एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर या छपाईच्या सामाईक पद्धतींवर चालणारा आहे का एवढं पाहा, मग बहुधा वेगळा ड्रायव्हर लागतच नाही, हे लिहून दिलंत. हिशोबाच्या संगणकालाही तुम्ही हात लावू दिला नाहीत. त्यावर टॅली आहे, बोटाचा ठसा घेणारं यंत्र आहे. "तो राहू दे विंडोजवरच. जास्तीची सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत नोंदणी करून मिळतात, तोवर सावकाश ठरवा." ज्याला लिनक्स मनापासून आवडतं त्या माणसाने असं सांगावं, याचं मला फार मोल वाटतं. तुम्ही आमची गरज पाहिलीत.

मराठीची तपासणी मात्र माझ्या डोक्यातही आली नसती. पेनड्राइव्हवर असतानाच तुम्ही मराठी इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड चालू केलात आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'श्रृंखला नको, शृंखला' असं टाइप करून पाहिलंत. जोडाक्षरं फुटतात का, छापलेल्या पीडीएफमध्ये तीच राहतात का. आमची निम्मी मुलं उत्तरं मराठीत लिहितात. त्यांच्यासाठी हे वायफायइतकंच गरजेचं होतं.

तुम्ही आखून दिलेला तक्ता, मशीन, वायफाय, आवाज, झाकण, डिस्क, मराठी, शेरा, आम्ही झेरॉक्स काढून टेबलाखालच्या कप्प्यात ठेवला आहे. पुढच्या महिन्यात एका ऑफिसकडून आणखी काही लॅपटॉप येणार आहेत. त्यांचा तक्ता मुलंच भरतील. जिथे ड्रायव्हरची ओळ रिकामी राहील, तेवढ्याचाच फोटो तुम्हाला पाठवू. आणि रॅमचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते पाकिटात घालून ठेवले आहेत. या वेळी ते घ्यावेच लागतील.

आपला कृतज्ञ,
अभ्यासिकेचा व्यवस्थापक
नवी पेठ, पुणे