तोकाइदोच्या मागावर

टोकियो

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तोकाइदो हा जुना राजमार्ग आजच्या टोकियोत प्रत्यक्ष पायाखाली सापडतो का, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. सापडतो, आणि निहोनबाशीच्या पुलापासून शिनागावाच्या दक्षिणेपर्यंत तो चालून पाहिल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, तो शोधायचा असेल तर स्मारकशिळांपेक्षा आधी हरवलेल्या समुद्राचा शोध घ्यावा.

जपानची सत्ता हाती आलेल्या तोकुगावा इएयासूने १६०१ मध्ये या मार्गावर जागोजागी घोडे आणि माणसे पुरवणाऱ्या ठाण्यांची व्यवस्था लावली आणि पुढे एदो, म्हणजे आजचे टोकियो, ते क्योतो या सुमारे ४९० किलोमीटरच्या वाटेवर अशी ५३ ठाणी झाली. एदोची वेस ओलांडताच हा रस्ता खाडीच्या अगदी काठाने जाई. दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाच्या उजव्या हाताला टेकड्या असत आणि डाव्या हाताला लाटा.

आरंभी मात्र यातले काहीच दिसत नाही. निहोनबाशीचा आजचा दगडी पूल १९११ चा असून त्यावरची नावाची अक्षरे शेवटचा शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, योशिनोबू याच्या हातची आहेत, आणि देशातल्या रस्त्यांची अंतरे जिथून मोजतात ती शून्याची खूण पुलाच्या मधोमध, वाहनांच्या वाटेत बसवलेली आहे. १९६४ च्या ऑलिंपिकच्या आधी घाईने उभारलेल्या उड्डाणमार्गाने या पुलावरचे आकाशच झाकून टाकले. तो मार्ग भूमिगत करून २०४० पर्यंत वरचा सांगाडा काढण्याची योजना आहे, आणि ती पुरी व्हावी असे मला मनापासून वाटते.

तिथून गिन्झापर्यंत माग काढावा लागतच नाही, कारण झगमगत्या दुकानांचा तो हमरस्ता म्हणजेच तोकाइदो. तो कधी ओस पडला नाही, म्हणूनच ओळखू येत नाही: १८७२ च्या आगीनंतर सरकारने तिथे विटांची नवी वस्ती वसवताना मुख्य रस्ता सुमारे २७ मीटर रुंद केला. रेषा तीच राहिली, अंगकाठी बदलली. शिम्बाशीच्या पुढेही हीच रेषा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १५ म्हणून जाते. त्या टप्प्यात वाहनांच्या आवाजाखेरीज सांगण्यासारखे फारसे नाही.

पण ताकानावा येते आणि पाय आपोआप थांबतात. १७१० मध्ये इथे एदोची दगडी वेस बांधली होती. तिच्या दोन बाजूंपैकी समुद्राकडच्या बाजूची भिंत गजबजलेल्या महामार्गाच्या कडेला अजून उभी आहे. समुद्र मात्र दिसत नाही. १८७२ मध्ये जपानची पहिली रेल्वे शिम्बाशी ते योकोहामा अशी सुरू झाली तेव्हा किनाऱ्यालगतची लष्करी जमीन मिळेना, म्हणून इथे उथळ समुद्रातच दगडी बांध घालून त्यावर रूळ टाकले गेले. पुढे भराव पडत गेला आणि बांध जमिनीखाली गडप झाला. २०१९ मध्ये ताकानावा गेटवे या नव्या स्थानकाजवळच्या बांधकामात तो पुन्हा उघडा पडला. त्याचे काही तुकडे जागच्या जागी राखून राष्ट्रीय वारसास्थळ ठरवले, पण बराचसा भाग नोंदी करून हलवला गेला. रस्ता, रेल्वे आणि समुद्र यांचे नाते एका नजरेत समजावे अशी ही एकच जागा होती. ती सलग राखायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात्सुयामाचा पूल ओलांडला की महामार्ग वेगळा होतो आणि खरा शिनागावा लागतो, तोकाइदोवरचे पहिले ठाणे. इथे रस्ता एदोकाळी होता जवळपास तेवढाच अरुंद राहिला आहे, कारण नवी वाहतूक त्याला टाळून गेली. तू येशील तेव्हा इथे डावीकडच्या कोणत्याही गल्लीत वळ: ती उतरत जाते. तो उतार म्हणजे जुना किनारा. रस्ता वाळूच्या उंचवट्यावर होता, आणि भराव घालून समुद्र दूर लोटला गेला तरी जमिनीने आपला उतार सोडलेला नाही. जवळच कागाता देवळापाशी देवमाशाची समाधी आहे. १७९८ मध्ये इथल्या पाण्यात भरकटलेला देवमासा कोळ्यांनी पकडला आणि तो शोगुन इएनारीला दाखवण्यासाठी त्याच्या किनाऱ्यावरच्या महालात नेला होता. आज तिथून समुद्राची रेघही दिसत नाही. होन्सेन्जी मंदिरातली १७०८ ची कांस्याची जिझोमूर्ती, म्हणजे प्रवाशांचा रक्षक मानलेल्या बोधिसत्त्वाची मूर्ती, मात्र रस्त्याशेजारीच बसलेली आहे, म्हणजे प्रवाशांनी जिथे पाहिली तिथेच आपणही ती पाहतो.

आणखी दक्षिणेला सुझुगामोरी आहे, १६५१ पासून सव्वादोनशे वर्षांच्या आसपास चाललेली वधाची जागा. शहरात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडावी म्हणूनच ती रस्त्याकाठी होती. गुन्हेगारांना बांधण्याचे खांब रोवायचे भोक पाडलेले दगड तिथे अजून आहेत. मी तिथे फार वेळ थांबू शकलो नाही.

त्याही पुढे लागणाऱ्या रोकुगो नदीवरचा पूल १६८८ च्या पुरात वाहून गेल्यावर शोगुनशाहीने तो पुन्हा बांधला नाही, आणि १८६८ नंतरच्या मेइजी काळापर्यंत प्रवासी नावेने पलीकडे जात. त्या नावेच्या वाटेविषयी पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन. जुन्या नकाशांवरची किनारपट्टी मी आजच्या नकाशावर निळ्या शाईने उतरवून सोबत पाठवत आहे. तुझा नकाशांचा अभ्यास माझ्याहून दांडगा आहे, तेव्हा ताकानावा आणि शिनागावा यांच्या दरम्यानची रेषा नीट तपासून कळव.

तुझा मित्र