सूचना : आपल्या फुटबॉल क्लबच्या जुन्या वस्तू आणि आठवणी

सर्व सभासदांना नमस्कार. मागच्या पावसाळ्यात एका घरी भिंतीवरचा आपल्या टीमचा फोटो ओलीने काचेला चिकटला आणि चेहरे गेले. मन हळहळलं. म्हणून पोळ्याच्या आधी घरातले फोटो, जर्सी, कप, प्रमाणपत्रं, पेपरातली कात्रणं क्लबच्या खोलीवर आणून द्या. फोटो काढून, नोंद करून वस्तू परत मिळेल.

फोटो लॅमिनेट करू नका. मागे पेनाने लिहू नका. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नावं आणि गाव लिहा. चिकटलेला फोटो ओढू नका, फ्रेमसकट आणा. साल आठवत नसेल तर चेंडू पाहा: ३२ तुकड्यांचा काळा-पांढरा चेंडू १९७० च्या मेक्सिको विश्वचषकामुळे जगभर पोचला, म्हणजे तो दिसला तर फोटो बहुधा त्यानंतरचा. वादीचा (दोरीने तोंड बांधायचा), ब्लॅडरवाला (आत रबरी फुगा असलेला) जुना चेंडू कोणाकडे असेल तर त्यात हवा भरू नका, चामडं फाटते.

सगळ्यात आधी मात्र म्हाताऱ्या खेळाडूंकडे जायचं आहे. धानाच्या बांधीत, कापणीनंतर कोण कोण खेळायचं, हे आबाजी-काकाजींनाच ठाऊक. मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला दोन पोरं पाहिजेत. रविवारी सकाळी ८ वाजता मैदानावर भेटा.

— सचिव