लंडनला निघालेल्या लेकीस

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री फोनवर मी 'काही झाले तर लगेच कळवशील ना?' असे पुन्हा विचारले, तेव्हा 'बाबा, मी आता लहान नाही' एवढेच म्हणून तू फोन आईकडे द्यायला सांगितलेस. तुझे म्हणणे खरे आहे. स्वतःच्या पगारातून दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून, कोणापुढेही हात न पसरता, तू एकटी लंडन पाहायला निघाली आहेस, ही गोष्ट मी आत्याला तर सांगितलीच, पण बँकेत रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांनाही सांगून आलो. तरीही फोनवर जे नीट बोलता आले नाही ते लिहून पाठवतो. तो प्रश्न पुन्हा विचारायचा नाही, असे ठरवूनच लिहायला बसलो आहे.

तू पाठवलेला कार्यक्रम मी नकाशा समोर ठेवून वाचला. कमी पैशांत शहर पाहायचे तर ज्या ठिकाणी प्रवेशशुल्क नाही तिथे अधिक वेळ द्यायचा, हे तू बरोबर ओळखले आहेस. ब्रिटिश म्युझियम 1759 मध्ये लोकांसाठी उघडले आणि आजही तिथला कायमचा संग्रह विनामूल्य पाहता येतो. एका दिवसात ते सगळे पाहण्याचा हट्ट मात्र धरू नकोस. रोझेटा शिलेसमोर नेहमीच गर्दी असते. ती पाहून झाली की अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे ज्या दालनात ठेवली आहेत तिथे जा आणि निवांत बस. साऊथ केन्सिंग्टनची तिन्ही संग्रहालये एकमेकांना लागून आहेत आणि स्थानकातून त्यांच्यापर्यंत पोहोचणारा पादचारी बोगदा असल्यामुळे तो दिवस पावसाचा निघाला तरी बिघडणार नाही. तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपू सुलतानाचा तो लाकडी वाघ आहे, ज्याचे चित्र तू चौथीत असताना वहीत चिकटवले होतेस.

वेस्टमिन्स्टर ॲबे हे जुने चर्च तू तिकिटाच्या किमतीमुळे गाळले आहेस. ते गाळू नकोस. तिथे संध्याकाळी गायकवृंदाची सायंप्रार्थना असते, तिला तिकीट लागत नाही आणि कोणत्याही धर्माच्या माणसाला आत बसता येते. हिंडायला किंवा छायाचित्रे काढायला त्या वेळी परवानगी नसते, पण त्या उंच छताखाली बसून गाणे ऐकण्याचे भाग्य तिकीट काढून दुपारी फिरणाऱ्यांना लाभत नाही. कोणत्या दिवशी प्रार्थना गायली जाते तेवढे आधी पाहून घे.

आता प्रवासाचे. हीथ्रो विमानतळावरून पिकॅडिली लाईन या भुयारी रेल्वेने शहरात जाण्याचे तू ठरवले आहेस, तो मार्ग वेळ अधिक घेतो पण हीथ्रो एक्सप्रेस या जलद गाडीच्या मानाने फारच स्वस्त पडतो. भाड्यासाठी बँकेचे कार्ड स्थानकात आत जाताना यंत्रावर टेकवायचे आणि बाहेर पडतानाही टेकवायचे. बाहेर पडताना विसरलीस तर सर्वाधिक भाडे कापले जाते. बसमध्ये मात्र फक्त चढताना टेकवायचे, आणि तिथे रोख पैसे चालत नाहीत. दिवसभरात ठराविक रकमेपेक्षा जास्त भाडे आकारले जात नाही, पण त्यासाठी दिवसभर तेच एक कार्ड वापरावे लागते. सकाळी कार्ड आणि दुपारी फोन वापरलास तर यंत्र त्या दोन वेगळ्या व्यक्ती समजते.

तुझे विमान गुरुवारी रात्री उशिरा उतरते, हे मला खटकते आहे. रात्रभर चालणारी ट्यूब, म्हणजे ती भुयारी रेल्वे, फक्त शुक्रवारी आणि शनिवारी असते. शेवटची गाडी चुकली तर एन-9 ही रात्रीची बस विमानतळावरून थेट मध्यवर्ती भागात जाते, हे तुला ठाऊक असेलच. पण सामान घेऊन, थकलेल्या अवस्थेत, अनोळखी रस्त्यावर मध्यरात्रीनंतर उतरायचे असेल तर कृपा करून टॅक्सी कर. तो खर्च माझा. आणि टॅक्सीही मिळत नसेल, होस्टेलचे दार उघडत नसेल, काहीही असेल, तर मला फोन कर. सध्या तिथे उन्हाळी वेळ चालू असल्याने साडेचार तासांचे अंतर आहे. तुझे रात्रीचे अकरा म्हणजे आमचे पहाटेचे साडेतीन. 'बाबा झोपले असतील' असा विचार करून फोन न करणे, हेच तू करशील, आणि मला भीती त्याचीच आहे.

ठरवले होते तरी तो विषय आलाच. आला आहे तर पूर्ण सांगतो. तू संकटात सापडशील अशी मला फारशी धास्ती नाही, कारण तू सावध आहेस. सापडल्यावर तू सांगणार नाहीस, ही धास्ती आहे. सहावीच्या सहलीत किल्ल्याच्या पायऱ्यांवर पडलीस आणि इतरांची सहल मोडू नये म्हणून गप्प राहिलीस. परत आलीस तेव्हा दप्तर डाव्या खांद्यावर होते, ओढणीचे टोक उजव्या हातावर घेतले होते आणि तू आईला 'भूक लागली आहे' असे अगदी सहज म्हणालीस. ओढणी बाजूला केली तर मनगट आंब्याच्या कोयीएवढे सुजलेले. डॉक्टरांनी हाड बसवले तेव्हाही तू माझ्याकडे न पाहता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलीस. पुढे कॉलेजात डेंग्यू झाला, तोही रुग्णालयातून तुला घरी सोडल्यानंतर आम्हाला कळला, आणि आईला तर मावशीकडून. आजीच्या वेळी आपण सगळ्यांनीच एकमेकांपासून काय काय लपवले, ते तुला आठवतच असेल. हे धैर्य आहे हे मी मानतो आणि तुझ्या या धैर्याचा मला अभिमानही आहे. पण परक्या शहरात, आठ जणींच्या खोलीतल्या एका खाटेवर तापाने पडून 'सकाळपर्यंत बरे वाटेल' असे स्वतःला समजावत राहण्याला मी धैर्य म्हणणार नाही.

म्हणून हे आकडे फोनमध्ये नव्हे, कागदावर लिहून पर्समध्ये ठेव. तातडीच्या प्रसंगी 999. प्रकृती बिघडली आणि काय करावे ते सुचत नसेल तर 111; तिथे माहितगार माणूस विचारपूस करून कुठे जायचे ते सांगतो. रुग्णालयाच्या अपघात विभागात परदेशी प्रवाशालाही तातडीचे उपचार पैसे न घेता मिळतात, परंतु दाखल व्हावे लागले तर खर्च मोठा असतो आणि त्यासाठीच विमा आहे. पैसे जातील म्हणून दवाखाना टाळू नकोस. फोन रस्त्याच्या कडेला हातात धरून नकाशा पाहत उभी राहू नकोस. तिथे दुचाकीवरून येऊन हातातले फोन हिसकावून नेण्याचे प्रकार होतात. रस्ता शोधायचा असेल तर एखाद्या दुकानात शिरून पाहा.

पुष्कळ उपदेश झाला. तू चिडली असशील, आणि चिडण्याचा तुला हक्क आहे; मला क्षमा कर. तुझ्या आईने तर एकच सांगितले आहे, की पोटभर जेव.

मला स्वतःला त्या शहरातले एकच ठिकाण पाहायचे होते, ते तू माझ्या वतीने पाहा. प्रिमरोज हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर 10 क्रमांकाचे घर आहे. 1921-22 मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते 2015 मध्ये विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास करून त्यांनी 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवली, ती संस्था ऑल्डविच भागात आहे. तुटपुंज्या पैशांत त्या शहरात राहून त्यांनी जे मिळवले ते आठवले, की तुझ्या काटकसरीबद्दल मला कधीच कमीपणा वाटत नाही. घर पाहून झाले की टेकडीवर चढ. तिथून सगळे शहर दिसते आणि त्याचे कोणी पैसे घेत नाही. ऑल्डविचलाच आपल्या उच्चायुक्तालयाची इंडिया हाऊस ही इमारतही आहे. पासपोर्ट हरवला तर मदत तिथे मागायची, म्हणून जाता-येता ती पाहून ठेव.

आणि रोज एक संदेश पाठव. 'ठीक आहे' असा नको, कारण तो शब्द तू मनगट मोडलेले असतानाही वापरला होतास. त्या दिवशी काय पाहिले, काय खाल्ले आणि पाय किती दुखले, ते लिही. दोन ओळी पुरेत. पाय दुखले असे तू स्वतःहून लिहिलेस तर मी निश्चिंत झोपेन.

तुझ्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत आईच्या कपाटातल्या निळ्या फाईलमध्ये ठेवली आहे. विम्याचा क्रमांक आणि होस्टेलचा दूरध्वनी तू अजून पाठवलेला नाहीस. ते दोन्ही आजच पाठव.

तुझे,
बाबा