पोट उघडूनच करू म्हणालात, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

डिस्चार्जच्या गडबडीत नीट बोलता आलं नाही, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

माझ्या जाऊबाईंचा गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर तुम्हीच दुर्बिणीतून काढलात. पोटावर बारीक छिद्रं, आणि दुसऱ्या दिवशी त्या वॉर्डात चालत होत्या. पुढे माझ्या पिशवीच्या तोंडाशी कॅन्सर निघाला, तोही सुरुवातीचा. माझंही तसंच होणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. पैशांची सोयही यांनी करून ठेवली होती. तुम्ही नाही म्हणालात, पोट उघडूनच करू म्हणालात.

नुसतं नाही म्हणून थांबला असतात, तर मी दुसरा डॉक्टर गाठला असता. बाहेर एवढी रांग असताना तुम्ही केसपेपरच्या मागे पिशवीचं चित्र काढलंत. अस्तराचा कॅन्सर सुरुवातीला पिशवीच्या आतच असतो आणि पिशवी न फोडता अख्खी खालच्या वाटेने बाहेर काढता येते. तिथे दोन्ही पद्धतींचे निकाल सारखे, हे 2017 मध्ये ‘लेस’ या अभ्यासातून पुढे आलं. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं तसं नाही. 2018 च्या ‘लॅक’ चाचणीत 631 बायका होत्या. पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 96.5 टक्के साडेचार वर्षांनंतर आजार न उलटता जगत होत्या. दुर्बीण किंवा रोबोटने झालेल्यांत हाच आकडा 86. पोटात भरतात तो वायू, पिशवी हलवायला खालून घालतात ती दांडी, यांवर संशय आहे, पण कारण पक्कं ठरलेलं नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. दुर्बिणीत ज्यांचा हात बसलाय, त्यांनीच ती बाजूला ठेवायची, याला मी फार मोठं मानते.

त्रास झाला, ते खोटं कशाला सांगू? टाके मोठे होते. पिशवीच्या बाजूचा भाग आणि गाठीही काढायच्या असल्याने लघवीच्या नसा दुखावतात, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून नळी घेऊन घरी जाताना घाबरले नाही. नळीची निगा शिकवणाऱ्या सिस्टरांनाही माझा नमस्कार सांगा. माझं वय बघून अंडाशय जपलेत, त्याचे आभार तर कसे मानू! पाळी गेली, पण अंगाची लाही होणं, झोप उडणं यातलं काही माझ्या वाट्याला आलं नाही.

लेकीला एचपीव्हीची, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपासून बचाव करणारी लस दिली, पुण्याच्या सीरमची. तुम्ही आठवण करून दिली होतीत.

पुढच्या तपासणीला नणंदेला घेऊन येतेय. तिला संबंधांनंतर रक्त जातं आणि ती कुणाला दाखवायला तयार नव्हती. तुमचं नाव काढल्यावर हो म्हणाली. तिलाही चित्र काढून सांगा.

तुमची,
एक पेशंट